बशीचा सूर

पोरीला घरात सगळे पिपाणी म्हणत. जन्मली तेव्हा तिने जो टाहो फोडला, तो ऐकून तिचे बाबा म्हणाले होते, "ही पोरगी नव्हे, पिपाणी आहे." नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे ती गाऊ लागली, चांगली गाऊ लागली, समोरच्या इमारतीतले लोक खिडक्या उघड्या ठेवून ऐकू लागले, तरी घरात ती पिपाणीच राहिली.

पिपाणी चिनी मातीची भांडी बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होती. तिचं काम ऐकलं की लोकांना आधी हसूच यायचं. भट्टीतून निघालेली बशी डाव्या हाताच्या बोटांवर तोलायची, उजव्या हातातल्या छोट्या लाकडी हातोडीने काठावर टपली मारायची आणि ऐकायचं. बशी धड असली की लांब, स्वच्छ नाद घुमतो. आत कुठे केसाएवढी चीर असली की आवाज बद्द येतो. धड ती उजवीकडे, बद्द ती डावीकडे. डोळ्यांना न दिसणारी चीर कानाला कळते, म्हणून या कामाला अजून माणूस लागतो.

"आमची लेक बश्यांची डॉक्टर आहे," बाबा येईल त्याला सांगत. "टपली मारते आणि तब्येत सांगते. म्हटलं, मलाही एकदा मारून बघ. तर म्हणते कशी, नको बाबा, तुम्ही बद्द निघालात तर आई कुठे ठेवेल तुम्हाला?"

आई या विनोदाला हसायची, पण ते हसू ओठांच्या पुढे जात नसे. बाबांची जुनी कंपनी बंद पडल्यापासून ते एका गोदामावर अर्धवेळ पहारा करत होते. घर काही पिपाणीच्या पगारावर उभं नव्हतं, पण टेकलेलं होतं. तो टेकू काढला तर ते कुठल्या बाजूला कलेल, हे कोणी बोलून दाखवत नव्हतं इतकंच.

पिपाणीने मात्र गाणं सोडलं नव्हतं. कामावरून आली की तोंडावर पाणी मारायची आणि मागच्या खोलीत बसायची. सुट्टीच्या दिवशी गाण्याच्या सरांकडे जायची. कधी एखाद्या शाळेच्या समारंभात, कधी एखाद्या दुकानाच्या उद्घाटनाला बोलावणं यायचं, तिथे गायची आणि गुच्छ घेऊन घरी यायची. तिला हवं होतं ते वेगळंच. शहरात एक मोठा गायकवृंद होता. पूर्ण वेळ गाणं आणि त्याचाच पगार. वर्षातून एकदा चाचणी घेऊन ते नवे गायक घेत. निवड झाली की त्याच दिवशी हातोडी खाली ठेवायची, असं मायलेकींचं ठरलं होतं. चाचणीत पहिलं गाणं साथीशिवाय गायचं असे. सुरुवातीला एकदा सूर देत, मग वाद्य बंद आणि गळा उघडा.

म्हणून पिपाणी घरीही साथीशिवाय गाण्याचा सराव करू लागली, आणि तिथेच आईच्या मनात पाल चुकचुकली.

आई कॉलेजात असताना समूहगीतांत गायली होती. गळा बेताचा होता, पण कान बरा होता. स्वयंपाकघरात भाजी चिरता चिरता तिला जाणवलं की पोरगी गाणं सुरू करते ते बरोबर सुरात, पण संपवते तेव्हा खाली उतरलेली असते. सूर तपासायला पिपाणीने शेवटी कीबोर्डची पट्टी दाबली की ती वर वाजायची आणि पोरीचा सूर खाली. एकदा झालं, दोनदा झालं, मग रोजचंच झालं.

"दमलीस का गं?"

"दमले असेन. आज सकाळपासून नुसत्या बश्याच होत्या. मान आखडली."

आईने गरम पाणी दिलं, लवकर झोपायला लावलं, पंखा कमी केला. सरांनाही विचारलं. सर म्हणाले, "मन लागत नसलं की सूर उतरतो. तिला म्हणावं, मन लावून गा." आईला ते पटलं नाही. दमलेला गळा कुठेही घसरतो, आज इथे, उद्या तिथे. पोरीचा सूर तसा घसरत नव्हता. तो पायऱ्या उतरून यायचा आणि दररोज त्याच एका पायरीवर बसायचा.

ती पायरी कुठली, हे कळलं भांडी घासताना. कारखान्यात रंगाचा डाग पडलेल्या बश्या कामगारांना जवळजवळ फुकट मिळत, त्यामुळे घरात सगळ्या तिथल्याच बश्या होत्या. आईच्या हातातली साबण लावलेली बशी निसटली, नळावर आपटली, फुटली नाही, पण खणखणली. त्याच वेळी मागच्या खोलीत पिपाणी गाण्याची शेवटची ओळ संपवत होती. दोन आवाज एकमेकांत असे मिसळले की कुठला बशीचा आणि कुठला पोरीचा, ते कळेना.

आईचा हात थांबला. तिने चमचा घेऊन बशीला पुन्हा हलकेच टपली मारली. तोच सूर. एकाच साच्यातल्या, एकाच भट्टीतल्या बश्या, सगळ्या थोड्याफार त्याच सुरात बोलणाऱ्या. पोरगी दिवसभर कान देऊन तो एकच सूर ऐकत होती. बाकी कामगार नुसते ऐकत, ती तो मनापासून ऐकत होती. आणि तो तिच्या आत घर करून बसला होता.

आईने नळ बंद केला आणि बशी पालथी ठेवली.

दुसऱ्या दिवशी सगळ्या बश्या कागदात गुंडाळून माळ्यावर गेल्या आणि जेवायला स्टीलच्या ताटल्या आल्या. बाबांनी ताटलीवर बोट वाजवून पाहिलं. "काय गं, तुरुंगात आलोय का आपण? का मीच काही गुन्हा केलाय?"

"फुटतात त्या. किती जपायच्या?"

"अगं, डॉक्टर घरात असताना फुटायची भीती कसली?"

पिपाणी हसली. आईला हसता आलं नाही. एका स्वयंपाकघरातल्या बश्या तिने उचलल्या, पण त्या अख्ख्या कारखान्यातल्या बश्यांचं ती काय करणार होती?

सांगावं तर पोर बिथरेल. न सांगावं तर तशीच चाचणीला जाईल आणि सगळ्यांदेखत त्या पायरीवर जाऊन बसेल. आई बरेच दिवस हे दोन्ही हातांत तोलत राहिली. चाचणी जवळ आली तसा तिला धीर निघेना. एके संध्याकाळी तिने माळ्यावरून एक बशी काढली आणि पिपाणीपुढे ठेवली.

"गा. आणि संपलं की हिला टपली मार."

"आई, मी आत्ता कामावरूनच आलेय."

"माझ्यासाठी मार."

पिपाणी गायली. शेवटचा सूर धरून तिने बोटाच्या पेराने बशी वाजवली. आधी ती हसली. मग हसू विरलं. तिने पुन्हा गाऊन पाहिलं, पुन्हा वाजवलं. मग बशी उचलून मांडीवर ठेवली, जणू आजारी मूल.

"मला हे ऐकू कसं आलं नाही?" ती म्हणाली. "मी तर ऐकण्याचाच पगार घेते."

दुसऱ्या दिवशी तिने सुपरवायझर बाईंकडे पॅकिंगचं काम मागितलं. बाई पोरीवर जीव टाकणाऱ्या होत्या, आणि पंचाईत तीच झाली. घरी आल्यावर पिपाणीने बाईंची नक्कल करून दाखवली, कमरेवर हात ठेवून, चष्मा नाकावर ओढून: "पॅकिंगला मला कोणीही चालेल गं, पण तुझा कान कुठून आणू? तू गाणारी ना? मग याहून गोड नोकरी तुला कुठे मिळणार?" बाबा पोट धरून हसले. पिपाणीच्या ताटलीतलं जेवण मात्र तसंच राहिलं होतं.

कानात कापूस घालावा तर काम होत नाही. रजा मिळाली ती फक्त चाचणीच्या दिवसाची. मधल्या दिवसांत पिपाणी गाताना मध्येच थांबायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "आली. बशी आली." आई दारात उभी असायची. तिला आत जाता येत नव्हतं आणि तिथून हलताही येत नव्हतं.

चाचणी एका जुन्या शाळेच्या इमारतीत होती. बाहेर लांब बाक, त्यावर पोरंपोरी आणि त्यांच्या आया. पिपाणी आत गेली, दार ओढलं गेलं. आतून एकदा सूर दिल्याचं ऐकू आलं, मग शांतता, मग पोरीचा आवाज.

सुरुवात स्वच्छ होती. शेजारची बाई म्हणाली, "तुमची का? वा!" आईने नुसती मान हलवली. दुसरं कडवं सुरू झालं तशी तिने बाकाची कड घट्ट धरली. आता उतरेल, आता उतरेल. पण सूर उतरला नाही. आईच्या जिवात जीव आला.

आणि मग तिच्या लक्षात आलं की सूर चढतोय. पोरगी बशीला भिऊन वर वर सरकत होती. खाली तो खड्डा आहे हे तिला ठाऊक होतं, आणि ठाऊक करून दिलं होतं आईनेच. प्रत्येक ओळीला ती आणखी थोडी वर, आणखी थोडी दूर. आई बाकावर बसून ओठ मिटून खरा सूर गुणगुणू लागली, जणू भिंतीतून तो पोरीपर्यंत पोचणार होता. शेवटच्या कडव्यात उंच जाणारी एक ओळ होती. इतक्या वरून तिथे पोचायला गळा पुरला नाही. आवाज चिरला.

आत कोणीतरी खाकरलं. शेजारची बाई आपल्या मुलाची कॉलर नीट करू लागली.

पिपाणी बाहेर आली. "वर गेले ना मी?"

"थोडीशी."

"थोडीशी म्हणजे?"

"बरीच," आई म्हणाली.

तिच्यामागून परीक्षकांपैकी एक वयस्कर बाई बाहेर आल्या. त्यांनी पिपाणीच्या खांद्यावर हात ठेवला. "आवाज फार गोड आहे गं तुझा. सूर तेवढा डळमळतो. एक वर्ष रोज कान तयार कर आणि पुढच्या वेळी नक्की ये. आम्ही वाट बघू." बाई इतक्या मायेने बोलल्या की आईला त्यांचा रागही धरता येईना. घरी जाताना बसमध्ये पिपाणी खिडकीबाहेर बघत होती. "एक वर्ष कान तयार कर," ती एकदाच म्हणाली आणि हसली. ते हसू आईला बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली. सुपरवायझर बाईंनी तिला आता नव्या मुलींना शिकवायलाही सांगितलं.

तेव्हापासून सकाळी पिपाणी बूट घालायला बसली की आई कीबोर्डची गाण्याच्या सुराची ती एक पट्टी दाबून धरते. पोरगी नाड्या बांधता बांधता तो सूर गुणगुणते, पिशवी खांद्याला लावते, गुणगुणतच जिना उतरते. आई खिडकीशी उभी राहून कान देते. वळणापर्यंत सूर खरा असतो. पुढे रस्ता आहे, मग कारखान्याचं फाटक, मग बश्या.

परवा संध्याकाळी पोरगी आली ती गुणगुणतच आली. मोरीपाशी हात धुताना तिने तो सूर लांब धरून ठेवला आणि आईकडे बघितलं.

"आई, वाजव ना. बघू."

आई कीबोर्डपाशी गेली. बोट पट्टीवर ठेवलं. दाबलं असतं तर तो सकाळचा सूर की बशीचा, ते दोघींना कळलं असतं.

"आधी जेवून घे," ती म्हणाली, आणि स्टीलची ताटली पुसायला लागली.