तिरका फोटो

शहागंजात एके काळी एक कुजबूज फार चवीनं चालायची. दवाखान्यातल्या फोटोवाल्या मल्हारीला म्हणे बायकांच्या बरगड्यांचा नाद आहे. कुणी बाई छाती दुखते म्हणून गेली की तो तिला तिरकी उभी करतो, हात डोक्यावर घ्यायला लावतो आणि "हितं का? का हितं?" करत बसतो. एक फोटो पुरतो तिथं दोन-दोन, तीन-तीन काढतो.

फकिराच्या हॉटेलात तर मल्हारी पायरी चढला की गल्ल्यावरून फकिराचा आवाज यायचाच, "क्या मियाँ, आज कित्ते तिरछे निकाले?" मल्हारी चहा बशीत ओतायचा, फुंकर मारायचा, प्यायचा आणि निघून जायचा. चिडला असता तर बोलणं संपलं असतं. तो चिडत नव्हता, म्हणून कुजबूज वाढत गेली.

आधी तो असा गप्प नव्हता, हे मात्र सांगितलं पाहिजे. मल्हारी पडेगावचा धनगर. बाप मेंढरं घेऊन दौलताबादच्या डोंगराकडं हिंडायचा. पोलीस ॲक्शननंतर चार-दोन वर्षांनी डॉक्टर तात्यासाहेबांनी शहागंजामागच्या गल्लीत दवाखाना टाकला आणि हैदराबादहून एक्सरेचं मशीन आणवलं. पेट्या उतरवायला जे हमाल धरले, त्यात हा होता. बाकीचे काम संपवून गेले, हा दारातच उभा.

"काय रे, काय बघतोस?" तात्यासाहेबांनी विचारलं.

"साहेब, मेंढरू कापल्याबिगर आतली हाडं दिसत्यात म्हणं ह्याच्यात?"

तात्यासाहेब पोट धरून हसले आणि त्याला ठेवून घेतलं. चार-पाच वर्षांत मल्हारी फोटोवाला झाला. पांढरा सदरा घालायला लागला, खिशाला पेन लावायला लागला. लिहायचा काय, ते पेनालाच ठाऊक. पडेगावात त्याचा शब्द चालायला लागला. कुणाचं भांडण असो, हा पानाची पिंक टाकून म्हणायचा, "माणूस खोटं बोलतंय, फोटो नाय बोलत."

"मग माझ्या बायकोचा काढ की," फकिरा म्हणायचा. "काय शिजतंय ते निघंल का?"

"पोटातलं निघंल. मनातलं काढायचं मशीन आजून आलं नाय."

असा हजरजबाबी माणूस.

आता बरगडीचं सांगतो. हे हाड मोठं लबाड. पाठीच्या कण्यापासून निघतं आणि कुशीला वळसा घालून छातीवर येतं. समोरून सरळ फोटो काढला की कुशीवरचा वळसा एकावर एक येऊन झाकला जातो. तिथं चीर असली तरी फिल्म साफ दिसते. ती चीर पकडायची तर माणूस तिरका उभा करावा लागतो. दुखरी जागा बोटानं चाचपायची, तिथं शिशाचा मणी पट्टीनं चिकटवायचा. मणी फिल्मवर ठळक उमटतो, म्हणजे बघायचं कुठं ते कळतं. हे सगळं तात्यासाहेबांनी मल्हारीला हाताला धरून शिकवलं होतं. रोगी बाई असली की चाचपायला आणि पदर सावरायला द्वारकाबाई आया असायची. बाई मायाळू, पण तिच्या तोंडाला कडी नव्हती. सकाळी दवाखान्यात दिसलेलं दुपारी हॉटेलात यायचं. त्याशिवाय आम्हाला तरी चहा कसा गोड लागणार?

मल्हारीची एकुलती एक लेक पुतळा. करमाडच्या कडूबाच्या घरी दिली होती. महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या वर्षी ती एकटीच माहेरी आली, डावी कूस हातानं दाबून धरलेली. नवऱ्यानं लाथा घातल्या, म्हणाली. मागोमाग सासरा कडूबा दोन माणसं घेऊन आला. बिरोबाच्या ओट्यावर बैठक बसली.

"व्याही, पोरगी माळवदावरनं घसरली," कडूबा म्हणाला. "काम नको म्हणून कांगावा करती. हाड मोडलेलं माणूस करमाडापासनं चालत स्टेशनावर येतंय व्हय?"

मल्हारीनं खिशातलं पेन सारखं केलं. "तुमचंबी नको, माझंबी नको. मशीनला विचारू. मोडलेलं निघालं तर पोरगी माझ्या घरी ऱ्हाईल. नाय निघालं तर उद्या नांदायला धाडतो. हाय कबूल?"

"कबूल."

शेजारच्या घराच्या दाराआडून पुतळा म्हणाली, "आबा, मोडलंय. माझंच हाड हाय, मला कळत नाय व्हय?"

"मोडलं आसंल तर निघंल की बाई. काळजी कशाला करती?"

दुसऱ्या दिवशी बाप लेकीला घेऊन फोटोच्या खोलीत गेला. द्वारकाबाई मणी आणि पट्टी घेऊन पुढं झाली, तेव्हा मल्हारीच्या डोक्यात काय आलं असेल ते आलं. चोळी वर केली तर वळ दिसणार. वळ दिसले तर संध्याकाळपर्यंत शहागंजभर होणार की फोटोवाल्याच्या पोरीला नवरा गुरासारखा मारतो. तो म्हणाला, "द्वारकाबाई, तुम्ही जरा चहाचं बघा."

ती गेली. आता खोलीत बाप आणि लग्न झालेली लेक. तिला हात वर कर म्हणायचं, तिच्या उघड्या कुशीवर बोट ठेवायचं, ते आमच्याकडं कुठल्या बापाला जमलंय? मल्हारीनं भिंतीकडं बघत सांगितलं, "पदर आसू दे. समोर छाती लाव. दम भर. धर."

एक सरळ फोटो काढला. संपलं.

तात्यासाहेबांनी फिल्म खिडकीकडं धरली. "सरळ फोटोत तर काही नाही. तिरका काढलास ना?"

"काढला साहेब," मल्हारी म्हणाला. "त्योबी साफच हाय."

बाहेर रोग्यांची गर्दी होती. तात्यासाहेबांनी फिल्म परत दिली. पडेगावात ओट्यावर कडूबानं ती उन्हात धरली, उलटीच, आणि म्हणाला, "झालं समाधान, व्याही?" आईनं, म्हाळसाबाईनं, लेकीची ओटी भरली. पुतळा सगळ्यांच्या पाया पडली. वाकताना तेवढी थांबली आणि मग सावकाश वाकली.

पुढच्या ज्वारीच्या सुगीत तिला सकाळच्या गाडीनं शहरात आणलं. बरोबर गावातला कुणी दूरचा दीर होता. नवरा आला नव्हता, कडूबाही नाही. श्वास अर्ध्यावरच तुटत होता आणि ओठ काळेनिळे पडले होते. तात्यासाहेब स्वतः फोटोच्या खोलीत आले. "तिरका घे. माझ्यासमोर घे."

द्वारकाबाईनं पुतळाला पाठीमागून धरलं. मणी लावायला कूस चाचपायची होती. तिचे दोन्ही हात गुंतलेले. मल्हारीनंच बोट ठेवलं. "हितं का, बाई?"

"तिथंच, आबा." जरा थांबून म्हणाली, "आता निघंल का वं फोटोत?"

"निघंल."

फिल्म धुऊन ओलीच बाहेर आणली. दोन बरगड्या ताज्या मोडलेल्या, आणि त्यांच्या वरच्या बरगडीवर, बरोबर कुशीच्या वळशावर, हाडाची एक जाड गाठ. मोडलेलं हाड आपोआप सांधत आलं की अशी गाठ धरतं, त्याला काही आठवडे लागतात. तात्यासाहेबांनी त्या गाठीवर बोट ठेवलं.

"मल्हारी, ही गाठ जुनी आहे."

"व्हय साहेब."

छातीत रक्त साठलं होतं. तात्यासाहेबांनी सुई घालून काढलं, ते पुन्हा साठलं. ऊन कलायच्या आत पुतळा गेली. पोलिसांना कडूबानं माळवदच सांगितलं आणि ओट्यावर बसलेल्यांनी साक्ष दिली की आधीचा फोटो साफ निघाला होता.

मल्हारी तेराव्यानंतर कामावर आला. सदरा तोच होता, पेन नव्हतं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत छाती दुखते म्हणून आलेल्या कुणालाच त्यानं एका सरळ फोटोवर सोडलं नाही. एकदा सोयगावकडच्या एका नवऱ्यानं बायकोचा हात वर केलेला बघून त्याच्या कानफटात मारली. मल्हारीनं गालावर हात फिरवला आणि बाईला म्हणाला, "दम भरा. धरा. हलू नका." त्याच दुपारी द्वारकाबाईनं ती कानफटात हॉटेलात आणली, फकिरानं तिला फोडणी दिली आणि मघाची ती कुजबूज तयार झाली. पुतळाचं नाव त्यात कुणी घातलं नाही. ते चहाबरोबर जाणारं नव्हतं.

खरं असं होतं. मल्हारी गड्यांचेही तिरके फोटो काढायचा. बायकांची कूस द्वारकाबाईच चाचपायची, त्याचं बोट एकाच बाईच्या कुशीला लागलं. ती त्याची लेक होती, आणि तिचा तिरका फोटो त्यानं पहिल्या वेळी काढला नव्हता.