पालथ्या पानांची वाट

भूत, अंगात येणं, उतारे... यातलं मी काही मानत नाही. घाबरट आहे, ते खरं. वीज कडाडली तरी नवऱ्याचा शर्ट धरते. पण माझी भीती सापाची, पुराची, मालकाच्या फोनची. मेलेल्या माणसांची मला कधी भीती वाटली नाही. तरी मागच्या पावसाळ्यात जे झालं ते कुणाला तरी सांगावं असं सारखं वाटतं. शाळा सातवीत सुटली, तेव्हा लिहिण्यातल्या चुका सांभाळून घ्या.

आम्ही परभणीकडचे. शहापूर तालुक्यात शेणव्याच्या पुढे एका शेतघरावर मी आणि नवरा राखणीला आहोत. मालक कल्याणला असतात. पहिल्या पावसाळ्यात मी रोज रडायचे — इतकं पाणी जन्मात बघितलं नव्हतं, आणि ओळखीचं एक माणूस नाही. तेव्हा ओहळापलीकडच्या वाडीतली हिरूमावशी रानभाजीची पाटी घेऊन दारात आली. माझे डोळे बघून म्हणाली, "काय गो घाटीणबाय, तुमच्याकडं पाऊस टँकरनं येतो ना? मंग हितं फुकटचा आलाय तर रडतेस कशाला?"

तेव्हापासून ती माझी मावशी. शेवळाच्या रानभाजीत काकडाची आंबट फळं घातली नाहीत तर घसा खाजतो, खेकडे कुठल्या दगडाखाली बसतात, सगळं तिनं शिकवलं. तिच्याबरोबर रानात भिजत फिरायला लागले आणि पाऊस मला आवडायला लागला. आई लांब असताना परक्या बाईनं एवढं करावं... तिचे उपकार फिटायचे नाहीत.

इथं रानात एक रीत आहे. पुढे गेलेला माणूस वाट फुटते तिथं पाल्याची डहाळी आडवी टाकतो आणि वर दगड ठेवतो. म्हणजे इकडून येऊ नको, देठ ज्या बाजूला ती वाट धर. मला ती डहाळी दिसायचीच नाही. एकदा तर पार भलतीकडे गेले होते. मग मावशी माझ्यासाठी सागाची डहाळी ठेवायला लागली, आणि पानं पालथी. सागाचं पान खालून पांढुरकं असतं, लांबून उठून दिसतं. "तुला हिरव्यात हिरवं दिसं नाय," म्हणायची. दुसरं कुणी तसं ठेवत नाही.

दर पावसाळ्यात ती म्हणायची, वरच्या माळावर तेरडा फुलला की तुला नेते. दर वेळी राहून जायचं. कधी भातलावणी, कधी मालकांचे पाहुणे.

मागच्या वर्षी पाऊस मे महिन्यातच लागला तो थांबेचना. चुलीला सुकं लाकूड नाही, कपड्यांवर बुरशी. श्रावण सरताना मावशी तापानं पडली. शहापूरला दवाखान्यात ठेवली, मग घरी आणली. आता घरीच जपा, डॉक्टर म्हणाले. आणि एका सकाळी तिच्या सुनेचा, यमुनाचा फोन — "ताई, म्हातारी तुमची भाकर मागते. ती जोंधळ्याची. बिगी या हां."

नवरा मुरबाडला गेलेला. मी भाकरी थापल्या, कारळाची चटणी घेतली, फडक्यात बांधून निघाले.

कितीतरी दिवसांनी उघडीप होती. ओहळाच्या अलीकडे वाट फुटते. सरळ गेलं की वळणामागे पूल आणि लगेच वाडी. उजवीकडे चढ — माळावरून लांबचा फेरा. पुलाच्या वाटेवर सागाची डहाळी आडवी पडली होती. वर दगड. पानं पालथी. देठ चढाकडे.

मला वाटलं पूल खचला. आणि खरं सांगते, आनंद झाला... मावशी उठली, हिंडायला लागली! हे ठेवणारं दुसरं कोण असणार? हात लावून बघितलं. ताजी मोडलेली. कोवळं पान चुरगळलं तर बोटं लाल झाली, सागानं होतात तशी.

चढावर अजून एक डहाळी, पुढे आणखी एक. आणि मग माळ आला. नजर जाईल तिथवर तेरडा, नुसता गुलाबी. मधून पाणी खळखळतंय, समोरच्या डोंगरावरून धबधबे उतरलेत, ओल्या गवतावर ऊन. मी चपला हातात घेतल्या. एका खडकावर बसलेसुद्धा. वाटलं, मावशी इथंच कुठंतरी लपून हसत असेल. हाका मारल्या. या मुलखात आल्यापासून इतकं सुख मला कधी झालं नव्हतं.

पलीकडून वाडीत उतरले तर अंगणात बायका बसलेल्या.

यमुना म्हणाली, "आत्ताच गेली गो ताई. दाराकडंच बघत व्हती. तुमी कुठनं आल्या?"

"माळावरून. पूल बंद आहे ना?"

"पुलाला काय झालंय? सकाळपासनं समदी तिथनंच येतात."

"मग डहाळ्या कुणी ठेवल्या?"

"तिला कूस बदलता येत नवती, ताई. आन् वर कोन जाईल? या पावसात ढोरं पन नाय नेली कुनी."

आंघोळ घालताना मी मावशीचा हात हातात घेतला. अंगठा आणि शेजारचं बोट लाल. "माझं कुकू लागलं असंल," यमुना म्हणाली. मी माझी बोटं तिच्या बोटांशेजारी धरली. एकच रंग.

परत येताना पुलावरून आले. फाट्यावर दगड होता, डहाळी नव्हती.

नवरा म्हणतो, कुणा वाटसरूनं टाकली असेल. असेलही. यमुना म्हणते, म्हातारीनं तुम्हाला दिलेला शब्द पुरा केला. मला अजून काही सांगता येत नाही. पुलावरून गेले असते तर भेट झाली असती, एक घास तरी तिच्या तोंडात गेला असता. भाकर तिनंच मागितली होती. आणि वाट अडवली तीही तिनंच, तर मग मी माळावर तिला हाका मारत हसत होते तेव्हा ती दाराकडे का बघत होती?