बेचाळीस घरांचा निबंध

रद्दी बांधताना मुलीचं इंग्रजीचं गाईड हाताला लागलं, आणि त्याच्या शाईच्या वासाने पासलीच्या शाळेतला नव्वदच्या दशकातला एक तास आठवला. दिवाळी नुकतीच झाली होती, खिडकीतून कापलेल्या भाताचा वास येत होता आणि सर सहामाहीचे पेपर वाटत होते. 'माझे गाव' हा इंग्रजी निबंध ते गाईडातून फळ्यावर उतरवून द्यायचे आणि आम्ही अडतीस जण तो पाठ करून तसाच लिहायचो. त्यातल्या गावाला रेल्वे स्टेशन होतं, बँक होती, बाग होती. या खेपेला मी मात्र आमच्या वाडीवर मोडक्यातोडक्या इंग्रजीत सात ओळी लिहिल्या होत्या: घरं बेचाळीस, दुकान एक, एसटी दोन मैलांवर. सरांनी दहापैकी शून्य दिलं होतं. "पाठ केला नव्हतास?" "केलाय की सर." मी उभ्याउभ्या सगळा म्हणून दाखवला. "मग लिहायला काय धाड भरली होती?" "सर, हितं स्टेशन कुठंय?" वर्ग हसला. सर खालच्या आवाजात म्हणाले, "तीन गुणांनी नापास होतोयस. आत्ता फळ्यावरचा लिहून दे, पाच देतो." मी पेपराची घडी करून खिशात घातली. "न्हाई सर. घरं बेचाळीसच हायेत. मोजल्यात म्या." मी नापास झालो. आज चाळलं, तर गाईडात अजून तेच स्टेशन आहे. वाडीत आता एकसष्ट घरं आहेत, परवाच मोजली.