जूनमधली संक्रांत

आमच्या घरी संक्रांत जूनमध्ये असते. ऑकलंडमधल्या बऱ्याच मराठी मंडळींना हे माहीत आहे आणि त्यातल्या निम्म्यांना माझं डोकं फिरलंय असं वाटतं. वाटू दे. हे सुरू कसं झालं ते एकदा नीट सांगून टाकते, म्हणजे पुन्हा कोणी खोचून विचारायला नको.

बाबा गेल्यानंतर काही महिन्यांनी आई आमच्याकडे, ऑकलंडच्या अल्बनी भागात, राहायला आली. टपाल खात्यात तीस वर्षं नोकरी केलेली, पुण्यात रिक्षावाल्यांशीही हुज्जत घालणारी माझी आई इथे आली ती आवाज खाली करूनच. जानेवारी जवळ आला तशी ती जरा हलली. "नातीचे हलव्याचे दागिने राहिलेत," म्हणाली. माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची होती आणि आईच्या काटेरी हलव्याला आमच्या अख्ख्या गल्लीत नाव होतं. परातीत भाजलेले तीळ घ्यायचे, मंद आचेवर ठेवायचे, चमचा चमचा साखरेचा पाक सोडायचा आणि बोटांनी हलवत राहायचं. असं तीन-चार दिवस केलं की एकेका तिळावर काटे उभे राहतात. पापाटोएटोच्या भारतीय दुकानातून मी तीळ आणले आणि आईने पदर खोचला.

बाहेर भर उन्हाळा. लोक टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, घालून समुद्रावर चाललेले, हवा दमट, आईच्या कपाळावरचा घाम परातीत पडेल की काय अशी धास्ती. पाक सुकेचना. तीळ एकमेकांना चिकटून गोळे व्हायला लागले. तिसऱ्या दिवशी आईने गॅस बंद केला.

"हातगुण गेला माझा," ती म्हणाली.

"आई, उकाडा आहे. त्याने होतंय."

"उकाड्याने नाही. मी आता शुभाचं काही करायला जाऊच नये. एवढंच कळायचं बाकी होतं."

त्याच आठवड्यात बॉटनी डाउन्सला एका काकूंकडे हळदीकुंकू होतं. आमच्या ओळखीच्या मराठी बायकांमध्ये या काकू सगळ्यांत जुन्या, सणावारांत त्यांचा शब्द शेवटचा. मी आईला ओढूनच नेलं. सोफ्यावर ओळीने सगळ्या बसलो होतो. काकू हळदीकुंकवाचं ताट घेऊन एकेकीपुढे थांबत आल्या, माझ्यापुढे थांबल्या, आणि आईला ओलांडून पुढच्या बाईकडे गेल्या. नंतर हसून आईच्या हातावर तिळगूळ तेवढा ठेवला. आईने कागदी रुमालाची घडी घातली, उलगडली, परत घातली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, आणि मी तोंडातून ब्र काढला नाही. काकूंना मी पुढे माफ केलं असेन, पण त्या गप्प बसण्याबद्दल स्वतःला अजून केलेलं नाही.

परतताना मोटरवेवर आई म्हणाली, "हलव्याने आधीच सांगितलं होतं बघ."

त्यानंतर ती प्रत्येक गोष्टीतून अंग काढून घ्यायला लागली. नातीच्या वाढदिवसाला औक्षण कर म्हटलं तर "तूच कर." देवापुढे दिवा लाव म्हटलं तर "तूच लाव." परतीचं तिकीट जुलैचं होतं. अशीच ती पुण्याच्या रिकाम्या घरात परत गेली तर पुढची वीस वर्षं स्वतःला बाजूला ठेवत जगेल, हे मला स्पष्ट दिसत होतं.

जून उजाडला. हॉस्पिटलच्या फार्मसीत, म्हणजे मी जिथे काम करते तिथे, सगळे जण मिडविंटर ख्रिसमसच्या तयारीला लागले. डिसेंबरात उन्हाळा, मग टर्की खाण्यात काय मजा, म्हणून हे लोक जूनमध्ये परत एकदा ख्रिसमस करतात! कोणी पंचांग विचारत नाही. वरच्या वॉर्डातली एक माओरी नर्स म्हणाली, आमचं तर नवं वर्षच आता, मातारिकीचे तारे, म्हणजे आपल्या कृत्तिका, दिसले की. त्या वर्षी गेलेल्यांची नावं घेऊन आधी रडून घ्यायचं आणि मग पोटभर जेवायचं.

मी घरी जायची बस पकडली ती डोक्यात हिशेब मांडतच. सूर्य उत्तरेकडे वळला, दिवस मोठा होणार, थंडीत तीळगूळ खा, काळं नेसा, यासाठी संक्रांत ना? मग इथे जानेवारीत दिवस लहान होत चाललेला असतो. इथला सूर्य जूनमध्ये वळतो. आणि हलव्याचं म्हणाल, तर औषधाच्या गोळ्यांवर साखरेचा लेप कसा चढवतात हे मी कॉलेजात शिकले होते. हवेत ओल असली की लेप बसत नाही. आईचा हातगुण मुळीच गेला नव्हता.

"जूनमध्ये हलवा?" आई म्हणाली. "लोक काय म्हणतील?"

"लोकांचं जानेवारीत ऐकलं. आता माझं ऐक."

ऑकलंडचा हिवाळाही ओलाच, हे मला ठाऊक होतं. म्हणून हवेतली ओल ओढून घेणारा बेडरूममधला डीह्युमिडिफायर उचलून मी गॅसच्या शेजारी आणून ठेवला. ते यंत्र घरघरत होतं आणि आई दोन स्वेटर घालून, चेहरा पाडून, केवळ माझ्या हट्टाखातर तीळ हलवत होती. तिसऱ्या सकाळी लॉनवर पांढरं दव गोठलं होतं. माझी मुलगी स्टुलावर चढून परातीत डोकावली.

"आजी, इट्स गॉट स्पाइक्स!"

आईने चिमूटभर हलवा तळहातावर घेतला, चष्मा लावला, खिडकीपाशी गेली. काटा आला होता. चांगला टोचेल असा. मग वळून म्हणाली, "कोणाकोणाला बोलावलंयस?"

मी बोलावलं होतं बारा जणींना. काकूंना फोन केला तेव्हा स्पीकर चालू होता आणि आई समोरच पाक ढवळत होती. काकू म्हणाल्या, "अगं, जूनमध्ये कसली संक्रांत? पंचांगात तो साधा शनिवार आहे. पण येते हो, गंमत म्हणून."

शनिवारी आई बॅगेच्या तळाशी ठेवलेली काळी साडी नेसून बाहेर आली. वाण म्हणून मी गरम पाण्याच्या रबरी पिशव्या आणल्या होत्या, त्यावरून बायका हसून बेजार झाल्या. मुलगी हलव्याचा हार घालून, त्यातलेच दाणे तोडून खात घरभर फिरत होती. मी हळदीकुंकवाचं ताट उचलायला गेले तर ते जागेवर नव्हतं. आईच्या हातात होतं.

ती सरळ काकूंपुढे जाऊन उभी राहिली. काकूंना हळद लावली, कुंकू लावलं. मग ताट त्यांच्या पुढ्यात धरलं आणि मान जराशी खाली केली.

"आता मला लावा."

काकू गोंधळल्या. "अहो ताई, पण तुम्हाला... संक्रांतीचं कसं..."

"संक्रांत कुठाय? साधा शनिवार आहे, तुम्हीच म्हणालात. साध्या शनिवारी कसला नियम मोडतो?"

या वेळी मी गप्प बसणार नव्हते. तोंड उघडलंही होतं, पण आईने माझ्याकडे न बघताच मला हातानं थांबवलं. ताट तसंच धरलेलं होतं. काकूंनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं, कोणी मदतीला आलं नाही, आणि त्यांनी बोट कुंकवात बुडवलं. थोडं तिरकंच लागलं. आईने ते नीट केलं नाही.

मग तिने हलव्याची वाटी उचलली आणि काकूंच्या हातावर चांगला मूठभर हलवा ओतला.

"तिळगूळ घ्या," आई म्हणाली, आणि मग पुण्यातल्या जुन्या आवाजात, "आणि गोड बोला."