आमच्या साडूंची कळंबची केबिन

माझ्या थोरल्या साडूंइतकी कामं सुरू केलेला माणूस उभ्या पालघर जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि त्यांच्याइतकी कमी कामं संपवलेलाही. हे मी कुचेष्टेने म्हणत नाही. आळशी माणूस कामाला हातच घालत नाही. आमचे साडू हात घालतात, दंडापर्यंत घालतात, आणि तेवढ्यात दुसरं काही खुणावलं की तिकडे धावतात. बोळिंजच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये हॉलची एकच भिंत पिस्ता रंगाची आहे. बाकीच्या तीन रंगवायच्या आधी त्यांना हार्मोनियम दुरुस्त करायची हुक्की आली. ती हार्मोनियम अजूनही पोट उघडं टाकून कपाटावर बसलेली आहे, कारण मध्येच ते पोहायला शिकायला गेले. तिथेही तरंगण्यापर्यंतच मजल गेली. एकदा सकाळी मी बेल वाजवली तर एका गालावर साबण तसाच ठेवून त्यांनी दार उघडलं, "बरं झालं आलात, बाजारात तोंडली छान आलीत," म्हणाले, आणि तशाच अर्ध्या दाढीने मला घेऊन विरारच्या मंडईत गेले. भाजीवालीने तोंडलं तोलायचं सोडून त्यांच्याकडे बघत राहावं, यात तिची काही चूक नव्हती.

याबद्दल त्यांना विचारलं तर उत्तर तयार असतं. "सुरुवात अवघड असते हो साडूभाऊ. ती मी करतो. पुढचं काय, कुणीही करील." हे 'कुणीही' म्हणजे बहुतेक वेळा माझी थोरली मेहुणी असते. तिला आम्ही सगळे ताई म्हणतो.

तरुणपणी साडूंनी कळंबला समुद्रकाठी सुरूच्या झाडांमागे एक चिंचोळी जागा घेऊन ठेवली होती. तिला तीन बाजूंनी कुंपण आहे. चौथ्या बाजूने गावच्या गाई येतात, साडूंनी लावलेली रोपं खातात आणि सावकाश परत जातात. निवृत्त झाल्यावर त्या जागेत त्यांनी केबिन बांधायचं ठरवलं. बांधायचं म्हणजे जोडायचं. फळ्या, पत्रे, खिडक्या, दार, सगळं कारखान्यातून सुटं येतं आणि आकडे बघत एकमेकांत बसवायचं असतं. ताईने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "आणा. पण हे जर अर्ध्यावर राहिलं ना, तर मी ती जागा विकायला काढणार. दलालाला फोन मीच करीन."

साडूंचा चेहरा उतरला. पण त्यांचा स्वभावच असा की त्याच संध्याकाळी त्यांनी सगळ्या नातेवाइकांना वास्तुशांतीचं आमंत्रण धाडलं. केबिन तेव्हा टेम्पोतही चढलेली नव्हती.

टेम्पो आला, गल्लीच्या तोंडाशी अडकला, आणि आम्ही सगळं घर डोक्यावरून वाहून आणलं. शेजारी सुकी मासळी विकणारी मावशी राहते. ती कमरेवर हात ठेवून बघत होती. "काय वो काका, घर हाय का पत्त्यांचा बंगला? वारा सुटला का कोन धरनार?"

"तुम्हीच धरा," साडू म्हणाले, आणि खरोखरच तिने आणि तिच्या दोन्ही मुलांनी भिंती धरल्या, आम्ही स्क्रू पिळले. छपराचा पत्रा चढवताना खाऱ्या वाऱ्याने तो शिडासारखा फुगला. साडू स्टुलावर उभं राहून "सोडू नका! सोडू नका!" असं ओरडत होते, मावशी पदर खोचून लटकली होती, आणि अखेर छप्पर बसलं.

छप्पर बसलं, तसं साडूंनी अंगणात कमळांसाठी हौद खणायला घेतला.

वास्तुशांतीला एक दिवस उरला होता. आत जमिनीला फळ्या नव्हत्या, खिडक्यांना जाळ्या नव्हत्या. सामानाची खोकी तशीच बांधलेली. ताई त्या खड्ड्याकडे बघत उभी राहिली. मला दलाल आठवला आणि मीच घाबरलो. तेवढ्यात साडू मापाची टेप आणायला आत गेले आणि वाऱ्याने दार धाडकन लागलं. कुलूप आपोआप बसणारं. बाहेरून किल्लीने उघडायचं, आतून मुठीने. मूठ बसवायची राहिली होती.

"अहो, दार उघडा!" आतून हाक आली. खिडक्यांना गज होते, तिथून बाहेर यायची सोय नव्हती. किल्ली चौकटीजवळच्या खिळ्याला असायची. मी वळलो, तर ती ताईच्या हातात होती. माझ्याकडे बघत तिने ती पर्समध्ये टाकली आणि मोठ्याने म्हणाली, "किल्ली काही दिसत नाही बाई! त्या मुठीचं बघा. असेल खोक्यात कुठेतरी."

मी त्या घरचा जुना जावई. कधी गप्प बसायचं ते मला कळतं.

मग खोकी फुटू लागली. साडूंना एक सवय आहे: हातात वस्तू आली की ती लावून बघितल्याशिवाय राहवत नाही. फळ्या निघाल्या, त्या जमिनीवर बसल्या. जाळ्या निघाल्या, त्या खिडक्यांत गेल्या; अंगणाकडची तेवढी सगळ्यात शेवटी. ताईने बाहेर त्याच खिडकीखाली स्टूल ओढलं आणि वालाच्या शेंगा सोलायला घेतल्या. गजांतून आत चहा गेला, भाकरी गेली, मावशीने भाजलेला बोंबील गेला. मध्ये हातोडा थांबला की ताई विचारायची, "काय झालं?" आणि मग दोघांचं बोलणं चालायचं. कुठल्याशा जुन्या भाड्याच्या खोलीबद्दल, मुलीच्या बारशाबद्दल. एकदा तर ताई इतकी हसली की शेंगा सांडल्या.

उन्हं कलताना आतून कट् असा आवाज आला आणि दार उघडलं. भुशाने पांढरे झालेले साडू उंबऱ्यात उभे होते. "झालं!" ते म्हणाले. मग स्वतःलाच पटेना म्हणून पुन्हा ओरडले, "अहो, सगळं झालं!" मावशी आत जाऊन जमिनीवर पाय आपटून आली. "लय घट्ट हाय काका. आता तुफान येऊंदे." साडूंनी तिला चक्क वाकून नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना त्यांनी प्रत्येक भिंत ठोकून दाखवली. भटजींनाही सोडलं नाही. दलालाचं नाव पुन्हा निघालं नाही.

सगळे पांगल्यावर आम्ही दोघे पायरीवर टेकलो. ताई आत भांडी आवरत होती. साडू हळू आवाजात म्हणाले, "तुम्हाला म्हणून सांगतो. मूठ पहिल्याच खोक्यात होती."

"मग?"

"खिशात टाकली." त्यांनी खिडकीकडे बोट केलं. "ती खिडकीशी येऊन बसली ना, साडूभाऊ. घरात इतका वेळ बसतो कुठे आम्ही असे? एक इकडे, एक तिकडे. मुलगी सासरी गेल्यापासून तर बोलायचंच राहून जातं."

पर्समधल्या किल्लीचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण आतून ताईने हाक मारली, "अहो, चहा ठेवलाय, या आत," आणि साडू असे लगबगीने उठले की मी बाहेरच बसून राहिलो.