हक्कसोडीची सही आणि साडेसातची मालिका

कळंबच्या आमच्या घरात आई रोज साडेसातला टीव्हीसमोर बसायची, पदराचं टोक मुठीत धरून. मालिका एका गडगंज घराण्याची होती. दोन भाऊ, एक बहीण, भलामोठा बंगला आणि इस्टेटीवरून चाललेली भांडणं. त्यातल्या बायका स्वयंपाकघरातही शालू नेसून वावरायच्या. वडील म्हणायचे, "अशी माणसं आसत्यात व्हय कुठं?" आई नजर न हलवता म्हणायची, "माणसं नसतील. भांडणं आसत्यात."

त्या आठवड्यात मालिकेतल्या भावानं बहिणीची गोड बोलून एका कागदावर सही घेतली आणि तिला घराबाहेर काढलं. नेमका दुसऱ्या दिवशी घाटघरहून मामाचा फोन आला. आजोबांच्या पश्चात त्यांच्या भातखाचरांवर आईचंही नाव लागलं होतं. ते कमी करायचं तिनं स्वतःच कधीचं कबूल केलं होतं. मामा म्हणाला, "आक्का, सोमवारी जुन्नरला ये. हक्कसोडीचा कागद तयार हाय."

"येते की," आई म्हणाली. पण त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. जमीन तिला नकोच होती. धास्ती वेगळी होती.

"सही झाल्यावर त्यानं वळखच दिली न्हाई तर?" तिनं मला तीनदा विचारलं.

"अगं, ती मालिका आहे," मी म्हणाले. पण हल्ली मामी फोनवर तुटक बोलते, हे मलाही तेव्हाच आठवायला लागलं.

सोमवारी नोंदणी कार्यालयात मामा-मामी आधीच येऊन बसले होते. मामी आईच्या नजरेला नजर देईना. कागद पुढे आला. आईनं पेन उचललं आणि परत ठेवलं.

"पोरी, वाच. मोठ्यांदा वाच."

मामाचा चेहरा उतरला. "आक्का, माझ्यावर इस्वास न्हाई तुझा?"

आईनं कागद माझ्यापुढे सरकवला. मी वाचलं. ठरलं होतं तेवढंच कागदात होतं. आईनं सही केली. मग मशीन तिच्या अंगठ्याचा ठसा घेईना. घामानं अंगठा सारखा ओला होत होता. तीनदा लावून झाला. मामी उठून उभी राहिली. शेवटी मामानं खिशातला रुमाल काढला, आईचा अंगठा पुसला आणि स्वतःच्या हातानं काचेवर दाबून धरला. ठसा उमटला.

बाहेर आल्याबरोबर मामी रडायलाच लागली. "वन्सं, तीन दिस झोप न्हाई मला. वाटलं, तुमी फिरताय आन् कोर्टात जाताय. त्या साडेसातच्या मालिकेत..."

"तू बी बघती?"

"एक दिस चुकवत न्हाई."

दोघी तिथंच पायरीवर बसल्या आणि मालिकेतली बहीण आता काय करील यावर बोलत राहिल्या. मामा मात्र दूर, गाडीपाशी उभा होता.

मोठ्यांदा वाचलेला तो कागद त्याच्या मनातून गेला नाही. त्या भाऊबीजेला आई सकाळपासून दारात आत-बाहेर करत होती. मामा दुपार टळल्यावर आला, ओवाळून घेतलं, चहा अर्धा ठेवून निघाला.

आता मीही आईशेजारी बसून ती मालिका बघते. कधी कधी माझा धाकटा भाऊही येऊन टेकतो. आमच्यात जमिनीचा विषय अजून निघालेला नाही.