काचेआडचा मोगरा

तानाबाई आणि मी चाळीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो. तिच्या दारातल्या मोगऱ्यावर अख्ख्या गल्लीचे गजरे निघायचे. नवरा गेल्यावर तिनं स्वतः एक फूल माळलं नाही, पण वाटायची थांबली नाही. फुलांच्या निमित्तानं बायका दारात यायच्या, तिला गल्लीची खबर फुकटात मिळायची.

मग लेकानं, बाळासोनं, घर विकून तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. मोगऱ्याची एक फांदी तेवढी कुंडीत लावून तिनं वर नेली, काचा लावलेल्या गॅलरीत ठेवली. ऊन सरकेल तशी कुंडी सरकवत बसायची. दोन वर्षं एक कळी नाही.

बाळासो म्हणाला, "आई, या पाडव्याला फुललं तर ऱ्हाऊ दे. न्हाय तर तिथं वॉशिंग मशीन बसवायचं हाय."

"फुलतंय की. तुझ्या मशिनीला वास येणार हाय व्हय?"

पौषात तिनं मोगऱ्याची पानं ओरबाडली, शेंडे छाटले, पाणी तोडलं. मोगऱ्याला असंच उपाशी ठेवावं लागतं. मग खतपाणी दिलं की कळ्यांनी लगडतो. तेवढ्यात गडहिंग्लजहून लेकीचा फोन आला, नात बाळंत झालीया, हाताखाली कुणी न्हाय. ही निघाली एसटीनं. सून स्नेहल, तिला मोगऱ्याचं काही बोलली नाही. पाणी घालू नको हे काय सांगायचं असतं? आम्हाला कुणी सांगितलं होतं?

मधी एकदा मी फ्लॅटवर गेले. काड्यांना पालवी फुटलेली. स्नेहल म्हणाली, "मावशी, पार वाळलं होतं. सासूबाई मलाच बोलणार, म्हणून रोज तांदळाचं धुवण घालते बघा."

मला कळलं की. पण पोरगी हरखली होती, चहा टाकला होता. दुसऱ्याच्या सुनेला कशाला शिकवा? चहा पिऊन उठले. चहा झकास होता.

सव्वा महिना करून तानाबाई आली. झाड हिरवंगार. बघितलं आणि कुंडीतली माती चाचपली. "पाणी कुणी घातलं?"

"मीच," स्नेहल म्हणाली. "मावशीपण चहाला आल्यावर बघून गेल्या की."

पुन्हा उपाशी ठेवायला दिवस उरले नव्हते. पाडव्याला नुसती पानं. मशीन आलं.

जिन्यात टाकलेली कुंडी मी रिक्षात घालून घरी आणली. तानाबाई हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. पुढच्या पौषात मी पानं ओरबाडली, पाणी तोडलं. चैत्रात असा फुलला की गल्लीच्या टोकाची बाई विचारायला आली, आज्जी, अत्तर सांडलं काय?

ओंजळभर फुलं ओल्या फडक्यात बांधून तिच्याकडं नेली. गॅलरीत मशीन घरघरत होतं. तिनं फुलं हुंगली.

"झ्याक हाईत. कुणाचा गं मोगरा?"

"तुझाच की, तानाबाई."

"माझा असता तर हितं फुलला असता."

फडक्याला परत गाठ मारून तिनं माझ्या हातात दिलं.

"बस की. चहा टाकायला सांगते. स्नेहल चांगला करती, तुला म्हाईतच हाय."